लाल झेंडीचा भगोना

"बसू द्या जरा. बसू द्या!"

असं म्हणत मामा हातातलं ओगराळं आडवं धरायचे आणि भगोन्याभोवती जमलेली सगळी मंडळी, अगदी शंटरपासून साहेबापर्यंत, रिकामे ग्लास हातात घेऊन मुकाट मागं सरकायची. ओगराळं म्हणजे लांब दांड्याचा खोलगट डाव. माझ्या माहेरी, कऱ्हाडकडे, हा शब्द आता कुणी वापरत नाही. तो मला झाशीत आल्यावर भेटला. भगोना मात्र इथलाच. भगोना म्हणजे आपलं पातेलंच, पण मामांचा भगोना असा की त्यात एखाद्या मुलाला खुशाल अंघोळ घालावी.

तुमच्या आसपासही असा एखादा माणूस असेलच. सगळ्या वस्तीचा मामा, पण नात्यानं कुणाचाच नाही. आमचे मामा रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याचं नाव बदललंय, पण आमच्याकडे अजून सगळे गार्डच म्हणतात. त्यांचं घराणं झाशीत कधी आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दतिया गेटच्या आत स्वतःचं घर होतं, त्यामुळे रेल्वे कॉलनीत क्वार्टर घ्यायची त्यांना गरज पडली नाही. तरीही रोज एक फेरी कॉलनीत असायचीच. त्यांचं मराठी ऐकून मला आधी फार हसू यायचं. "सूनबाई, चहा पिऊन घ्या, मग आपण बोलून घेऊ," असं काहीतरी बोलायचे. हिंदीच्या साच्यात ओतलेलं मराठी, आणि मध्येच ओगराळ्यासारखा एखादा जुना शब्द ठणकन वाजायचा.

आमची पहिली भेट बड़ा बाज़ारात झाली. मी लग्न होऊन नुकती आलेली, हिंदी तोडकंमोडकं, आणि तोंड मात्र आधीपासून फाटकं. एका पेरूवाल्याशी माझी जुंपली होती. मी पेरू दाबून बघत होते आणि तो "दबाओ मत, बहन जी" म्हणून ओरडत होता. मीही कमरेला पदर खोचून उभी. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, दाबू नका. हुंगा. पेरू दाबून कळत नाही, हुंगून कळतो." परक्या गावात मराठी कानावर पडलं तसा माझा रागच ओसरला. मी पेरू हुंगला. मग मामांनी निवडून दिलेले सगळे पेरू घेऊन घरी आले आणि आमच्या यांना सांगितलं की मला आज एक मराठी माणूस भेटला. हे हसले. म्हणाले, "अगं, ते मामा. माझ्या गाडीवर गार्ड असतात पुष्कळदा."

हे मालगाडीचे ड्रायव्हर. लोको पायलट म्हणायचं असतं आता, पण मी ड्रायव्हरच म्हणते, त्यांना राग येत नाही.

आता मामांच्या पन्ह्याविषयी सांगते. कॉलनीतले लोक त्याला कॉकटेल म्हणायचे, साहेब लोक पंच म्हणायचे, आणि मामा "माझं थंडीचं पन्हं" म्हणायचे. आमच्या कॉलनीत नवं वर्ष एक तारखेच्या दुपारी साजरं होतं. एकतीसच्या रात्री निम्मे लोक गाडीवर असतात आणि कोहऱ्यानं, म्हणजे धुक्यानं, गाड्या अशा रखडतात की कोण कधी घरी येईल याचा भरवसा नाही. म्हणून एक तारखेला ऊन वर आलं की मैदानात सतरंज्या पडायच्या. बायका मटार सोलत उन्हाला पाठ करून बसायच्या, आणि एका टेबलावर मामांचे दोन भगोने मांडलेले असायचे. एकाच्या गळ्याला लाल कापड, दुसऱ्याच्या गळ्याला हिरवं. कापडं म्हणजे मामांच्याच जुन्या, विरलेल्या झेंड्या. हिरवा भगोना साधा. ज्यांना संध्याकाळी ड्यूटी आहे त्यांच्यासाठी, बायकांसाठी, पोरांसाठी. लाल भगोन्यात रम. झाशीजवळच्या बबीन्याला फौजेत मामांचे एक मित्र होते, त्यांच्याकडून बाटल्या यायच्या.

पण दोन्ही भगोन्यांत मूळ माल एकच. नागपूरची संत्री असायची, आणि ती बाजारातली चालायची नाहीत. ओळखीच्या गार्डाच्या हाती नागपूरहून निघायची आणि हात बदलत बदलत झाशीला पोचायची. पेरू शिजवून, फडक्यातून गाळून त्याचा गर. डाळिंबाचे दाणे. आलं, लवंग, दालचिनी. काळा गूळ कढईत थोडा जाळून त्याचं पाणी, त्यानं रंग यायचा चांगला गडद. हे सगळं आदल्या दिवशी एकत्र करून झाकून ठेवायचं. "बसू द्या. याला घाई चालत नाही," मामा म्हणायचे. सोडा आणि लिंबू अगदी प्यायच्या वेळी. पहिला ग्लास कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि कसं झालंय म्हणून विचारायचे नाहीत, नुसते तोंडाकडे बघत राहायचे. तोंड बघून एक लवंग वाढवायची की चिमूट मीठ, ते ठरवायचे.

लाल भगोन्यात रम पडायची ती सगळ्यांसमोर. मामा बाटली उंच धरून चहूकडे फिरवायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग धार पडायची. हा दरवर्षीचा खेळ होता. मलासुद्धा बघायला आवडायचा. म्हणजे, एका वर्षापर्यंत आवडायचा.

त्या वर्षी यांना गाडीवरून उतरवलं होतं.

ड्यूटीवर चढताना नळीत फुंकर मारावी लागते. आदल्या दिवशीची उतरलेली नसेल तर यंत्राला कळतं. यांचं पिणं मला नवीन नव्हतं. आधी सणासुदीला होतं, मग सुटीच्या दिवशी, मग सुटी कधी आणि ड्यूटी कधी हेच मला कळेना. एका सकाळी यंत्राला कळलं. मग चौकशी लागली. हे स्वतःच्या पायानं ग्वाल्हेरला व्यसनमुक्तीच्या ठिकाणी जाऊन राहिले, ते डिसेंबरात परत आले. सुकून गेले होते. जानेवारीत त्यांची पेशी होती, म्हणजे साहेबांपुढं सुनावणी. तोवर एकदा जरी कुणी पिताना पाहिलं आणि वर सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती, तिच्यामागून क्वार्टर, मुलीची शाळा, आणि मी पुन्हा कऱ्हाडला भावाच्या दारात. मी यांना डोळ्यांआड होऊ देत नव्हते. संडासाला जरा वेळ लागला तरी दार वाजवायचे. हसू नका, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना विचारा.

पार्टीला जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तर एकतीसच्या सकाळी मामा दारात उभे.

"संत्री आली आहेत," ते यांना म्हणाले. "सोलायला माणूस पाहिजे. चल."

"मामा, यंदा आम्ही..." मी सुरुवात केली.

"सूनबाई, तुम्ही पण या. मामी एकट्या पडतात."

नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. दतिया गेटच्या घरात, अंगणातल्या उन्हात, यांना एक पाट दिला आणि समोर संत्र्यांची टोपली ठेवली. यांचे हात तेव्हा कापायचे. फोडीवरचा पांढरा धागा काढायला जायचे आणि फोडच फुटायची, रस मनगटावरून वाहायचा. मला बघवेना. मामा मात्र शेजारी बसून बोलत होते ते फक्त संत्र्यांबद्दल. नागपूरची यंदा साल पातळ आहे, बी दाबली की कडवटपणा उतरतो, अमक्या गार्डानं अर्धी पेटी वाटेतच खाल्ली असणार. ग्वाल्हेर नाही, पेशी नाही, "आता कसं वाटतंय" नाही. फुटलेल्या फोडी वेगळ्या वाटीत टाकत राहिले, त्याबद्दलही काही बोलले नाहीत. कोनाड्यात रमच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. माझी नजर तिथं खिळली होती. यांचीही असणार. टोपली संपल्यावर मामा उठले आणि म्हणाले, "झालं. आता तुम्ही जाऊन घ्या. पुढचं मी करतो. उद्या दोघं यायचं हं, नाही आलात तर मी घ्यायला येईन."

आणि ते खरंच आले असते, म्हणून आम्ही गेलो.

एक तारखेचं ऊन छान पडलं होतं. मामांनी नेहमीसारखी बाटली उंच धरली, फिरवली, टाळ्या झाल्या, लाल भगोन्यात धार पडली. मी बायकांत बसले होते, मांडीवर समोशांची बशी आणि डोळे यांच्यावर. यांनी हिरव्या भगोन्यातून ग्लास घेतला आणि एका कडेला उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं की यांना संध्याकाळी ड्यूटी नाही. आज नाही, उद्याही नाही. तरी हिरवा ग्लास. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते, आणि ते जास्त कळत होतं.

आमच्यात एक शंटर होते, यार्डात इंजिनं पुढंमागं करणारे. अंगानं भरलेले, मनानं भोळे, वाईट माणूस मुळीच नव्हे. ते यांच्या गळ्यात हात टाकून आले. "अरे भैया, आज के दिन ये औरतों वाला? एक गिलास में का होत है!" असं म्हणत यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, उरलेलं शेवंतीच्या कुंडीत फेकलं, लाल भगोन्यापाशी जाऊन तोच ग्लास काठोकाठ भरून आणला आणि यांच्या हातात दिला. मग दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हात टाकायला निघून गेले.

मी उठले. समोसे खाली सांडले. शेजारची बाई काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

यांनी ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही, फक्त ग्लासाकडे. मग तो नाकाशी नेला. मी अजून अर्ध्या मैदानात. ओरडले असते तर सगळ्या कॉलनीसमोर यांची उरलीसुरली अब्रू गेली असती, नाही ओरडले तर सगळंच जाणार होतं. देवा, एवढं छोटं मैदान, संपता संपेना. आणि हे ग्लास नाकाशी धरून तसेच उभे राहिले. मग मान वर करून त्यांनी मामांकडे बघितलं. मामांचं लक्षच नव्हतं. ते कुणाला तरी रागावत होते, "आलं तळाशी जातं, ढवळून घेत जा!"

यांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

मी पोचले, हातातून ग्लास हिसकावला आणि हुंगला. तुम्हाला सांगते, मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, पण त्या वासाची पारख माझ्याइतकी कुणाला नसेल. शर्टाच्या कॉलरवरून, उशीच्या अभ्र्यावरून मला किती घेतली ते सांगता यायचं. त्या ग्लासाला संत्र्याचा वास होता. लवंगेचा होता, जळलेल्या गुळाचा होता. तो वास नव्हता. मी परत हुंगलं. नव्हता.

मी तडक टेबलाशी गेले. "मामा, मला पण. लाल."

"अरे, भाभी जी भी!" म्हणून एकच हशा उठला. मामांनी ओगराळं बुडवून माझा ग्लास भरला, चेहरा अगदी गंभीर. "सांभाळून, सूनबाई. चढतं."

मी प्याले. फळांचं पन्हं! आल्यानं घसा चरचरला, डोळ्यांत पाणी आलं, ते आल्यानंच आलं असं मी शेजारणीला सांगितलं. बाटलीतनं धार पडली होती ती गुळाच्या पाण्याची. माझ्याभोवती लाल भगोन्याची मंडळी रंगात आली होती. कुणी गात होतं, कुणी साहेबांना मिठी मारून भाऊ म्हणत होतं. शंटर तर असे नाचले की शेवटी दोघांनी धरून घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी डोकं जड झालंय म्हणून त्यांच्याकडे लिंबूपाणी चाललं होतं!

घरी येताना हे बोलले. "मी घेणार होतो," म्हणाले. "तू धावत आलीस ते दिसलं मला. तरी घेणार होतो. ग्लास हातात आल्यावर मला नाही म्हणता येत नव्हतं. त्यात काही नव्हतं म्हणून मी वाचलो."

मी रस्त्यातच थांबले आणि रडले. राग आला होता, आणि त्याहून जास्त जीव भांड्यात पडला होता. मामांनी हे आधीच ओळखलं होतं. कुणीतरी ग्लास भरणार आणि याला नाही म्हणता येणार नाही, हे दोन्ही.

चार दिवसांनी आम्ही आभार मानायला गेलो, तर मामांनी कपाळाला हात लावला. "काय? रम नव्हती? म्हणजे बाटलीवाल्यानं फसवलं की मला! सूनबाई, चहा पिऊन घ्या." पुढं बोलूच दिलं नाही. पुन्हा कधी विषय काढला की तेच.

पेशी झाली. काही महिने गाडीऐवजी ऑफिसात बसवून यांना पुन्हा गाडीवर घेतलं. नळीत फुंकर मारायची आता यांना भीती नाही, उलट जरा ऐटीतच मारतात असं ऐकते. मामा पुढं निवृत्त झाले, तरी एक तारखेचे भगोने त्यांचेच. दरवर्षी लाल, हिरवी झेंडी, दरवर्षी बाटली उंच, टाळ्या, धार, आणि दरवर्षी गुळाचं पाणी. एवढ्या वर्षांत कुणाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. ज्यांना खरंच हवी असायची ते घरूनच लावून येत. पण कळलं असेल तरी कुणी बोललं नाही, आणि त्यासाठी या कॉलनीला मी मनापासून दुवा देते. आज माझी मुलगी कॉलेजात जाते, आमच्या घरात संध्याकाळी दार वाजलं की मी आधी वास घेत नाही. हे सगळं मामांनी दिलंय. मी देवापुढं उभी राहिले की आईवडिलांनंतर तिसरं नाव त्यांचं घेते.

या नोव्हेंबरात मामा गेले. झोपेतच गेले.

डिसेंबर लागला तसे कॉलनीतले लोक यांना म्हणाले, आता भगोने तुम्ही सांभाळा. म्हणून आम्ही दोघं मामींकडे ते मागायला गेलो. मामींनी माळ्यावरून काढून, घासून तयारच ठेवले होते. मी त्यांच्याजवळ बसले. हे दारातच उभे होते.

"रम घालणार काय रे?" मामींनी यांना विचारलं.

"नाही मामी. मामांनी तरी कुठं घातली."

"घालतील कुठून! तुला गाडीवरून उतरवलं त्या वर्षी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आमच्या यांनी. मोरीच्या पाण्यावर माझा कढीपत्ता होता, तो जळाला." मामी हसल्या. मग पदरानं भगोन्याची कड पुसत म्हणाल्या, "आणि त्याच दिवशी स्वतःची पण बंद केली."

"स्वतःची?" मी विचारलं.

"यांना ड्यूटी नसली की संध्याकाळी एक लागायची. लग्नाच्या आधीपासूनची सवय. एकच, पण रोज. ती बंद. मग काय विचारता! दिवेलागण झाली की जीव नुसता तळमळायचा. पेरू कापून बसायचे, मीठ लावून खायचे आणि माझ्यावर चिडायचे. मी बोलले, तुम्हाला कोणी सांगितलं सोडायला? तुमची नोकरी तर ठीक चालली आहे. तर बोलले, 'मी गार्ड आहे ना. ड्रायव्हरला एकट्याला पुढं कसं पाठवू? तो निघाला तर मला पण निघावं लागेल.'"

 मी दाराकडे वळून बघितलंच नाही.

"मग शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत. मी बोलायचे, त्याला सांगा तरी. तर नाही. बोलले, त्याच्या डोक्यावर ओझं कशाला."

आम्ही मामींच्या पाया पडलो. यांनी भगोने उचलले, एकात एक घातलेले. रस्त्यावर ई-रिक्षा मिळाली. दतिया गेटपाशी नेहमीची गर्दी, रिक्षा जागची हलेना. हे भगोने मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लपवत नव्हते. चाळिशी उलटलेला एवढा मोठा माणूस भर बाजारात रडतोय म्हटल्यावर रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"क्या हुआ, भैया?"

"हमारे गार्ड साहब नहीं रहे."

"अरे. कब?"

"पिछले महीने."

"पिछले महीने? और आज रो रहे हो?"

"आज पता चला," हे म्हणाले.

रिक्षावाला पुन्हा पुढं वळला. गर्दी जरा सुटली. मी भगोन्याचा दुसरा कान धरला आणि आम्ही घरी आलो.